मुरलेल्या शिट्ट्या

मी खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, स्वयंपाकात काय काय करणार तेही विचारलं नाही. विश्रांतवाडीत त्याआधी मी सहा खोल्या बघितल्या होत्या आणि सहाही ठिकाणी हेच तीन प्रश्न झाले होते. काका मात्र उठले, खुर्ची भिंतीकडे फिरवली, माझ्याकडे पाठ करून बसले आणि शिट्टीवर एक छोटीशी धून वाजवली. मग मांडीवरचं काहीतरी बदललं आणि तीच धून पुन्हा वाजवली.

"यातली कुठली बरी?" त्यांनी भिंतीला विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी मला गुपचूप दोन बोटं दाखवली.

"दुसरी," मी म्हणाले.

"का?"

काकूंनी हात झटकले. यापुढे त्यांच्याकडेही मदत नव्हती.

"पहिली एकदम कानात घुसली," मी सुचेल ते बोलले. "दुसरी आली, टेकली, पाणी प्यायली आणि मग बोलायला लागली."

खुर्ची हळूच माझ्याकडे फिरली. "आपण राहायला कधी येता?"

सामान लावताना काकू म्हणाल्या, "तुझ्याआधी दोघी येऊन गेल्या. दोघींनीही 'दोन्ही सारख्याच वाटल्या' म्हटलं. चहासुद्धा मिळाला नाही त्यांना."

काका टेलिफोन खात्यात होते. लाइनवरचे दोष शोधायचे. नुसत्या खरखरीवरून खांबावर पाणी गेलंय की जमिनीखाली केबल कुरतडली गेलीय हे ते सांगायचे असं काकू म्हणायच्या, आणि काकू नवऱ्याचं कौतुक उगाच करणाऱ्यातल्या नव्हत्या. निवृत्त झाले तेव्हा आयर्लंडला नर्स असलेल्या मुलीने तिथली एक टिन व्हिसल पाठवली. दीड वीत लांबीची पत्र्याची नळी, सहा भोकं, तोंडाशी चोच. तिकडे म्हणे शाळेतली पोरं ती दप्तरात घेऊन फिरतात. मुलीने गंमत म्हणून पाठवली होती. काकांनी ती नेमणूक समजून स्वीकारली.

मी राहायला गेले तेव्हा त्यांच्याकडे एकवीस झाल्या होत्या. पितळेच्या, निकेल चढवलेल्या, ॲल्युमिनियमच्या, एक चक्क हिरव्या रंगाची. बाथरूममध्ये ब्रश ठेवायला असतात तसले स्टीलचे चार स्टँड आणून त्यांत त्या उभ्या करून ठेवलेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर खात्यातल्या बारीक अक्षरात शेरा. 'गोड, पण लबाड.' 'नाकातून बोलते.' 'श्वास फार खाते, जेवणानंतर नको.' 'भोकांच्या कडा बोचतात. स्वभाव चांगला.' एका लठ्ठ पितळी नळीवर नुसतंच लिहिलं होतं, 'हिला घाई करू नये.'

त्यांच्यासमोर शिट्टी हा शब्द काढायची सोय नव्हती.

"शिट्टी कुकरची," ते म्हणायचे. "शिट्टी वाहतूक पोलिसाची. हे वाद्य आहे."

खरी पंचाईत कुकरचीच होती. काकू डाळ लावायच्या, तीन शिट्ट्या मोजायला काकांना बसवायच्या आणि दळण आणायला जायच्या. परत येईपर्यंत डाळ कधी कच्ची, कधी भांड्याला चिकटलेली. काकूंनी नियम केला की कुकर चालू असताना वाद्य बंद. काकांनी तो पाळला. तरीही डाळ लागायचीच. काकू म्हणायच्या, "लक्ष नाही यांचं." आम्ही सगळेच तसं समजायचो.

दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने कागद लावला होता: 'वादन चालू असताना बेल दाबू नये. बेल सुरात नाही.' मग पाहुण्यांनी काय करावं, हे कागदावर नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ऐकावं."

आता त्यांच्या एका सिद्धांताबद्दल सांगायला हवं. काकांचं म्हणणं असं, की शिट्टी मुरते. नवी असताना वरच्या सप्तकात किंचाळते, पण वर्षभर रोज वाजवली की धातू शांत होतो. पुरावा चिठ्ठ्यांवर होता. कितीतरी चिठ्ठ्यांवर जुना 'किंचाळते' असा शेरा खोडून खाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं: 'सुधारली.' एकीवर 'पुष्कळ सुधारली', हिरवीवर 'आता लोण्यासारखी.'

"पितळ लवकर मुरतं," ते मला सांगायचे. "पत्रा कधीच मुरत नाही. पत्र्याला आठवण नसते."

मला काही ते पटायचं नाही. माझ्या खोलीत सकाळी सात वाजता त्या लोण्यासारख्या हिरवीचा आवाज यायचा तेव्हा माझ्या दाढा शिवशिवायच्या. पण मला वाटायचं, आपल्याला संगीतातलं काय कळतं.

रविवारी सकाळी काकांची बुद्धवंदना झाली की ते पिशवीत निवडक सात-आठ वाद्यं घालून बसने स्वारगेटला जायचे. तिथे एका गल्लीत चाचांचं दुकान होतं. चाचा पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पन्हाळी बनवायचे. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. काकांची एक नळी बसमध्ये चेपली म्हणून ते पहिल्यांदा तिथे गेले होते. चाचांनी ती सरळ केली, उलटसुलट बघितली, हसले आणि पुढच्या रविवारी स्वतः कापून, वळवून, आत लाकडाचा तुकडा ठोकून केलेली एक नवी शिट्टी काकांच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून दुकानाच्या पोटमाळ्यावर दर रविवारी बैठक सुरू झाली. खाली ठोकाठोकी चालायची, त्यामुळे तक्रार करणारं कोणी नव्हतं.

तिसऱ्या सभासद एक डेंटिस्ट मॅडम होत्या. काकांच्या दाढेचं काम करता करता त्या यात ओढल्या गेल्या. काका तोंड उघडं ठेवूनही बोलू शकायचे. मी चौथी. मला वाजवता येत नव्हतं, पण मी खराडीला एका कंपनीत टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. काका म्हणाले, "तटस्थ माणूस हवाच. आपण चला."

अर्धा तास वाजवणं आणि दोन तास वाद, असं त्या बैठकीचं स्वरूप होतं.

डेंटिस्ट मॅडमना आवाजाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्या आधी शिट्टी हातात घेऊन तोलायच्या, भोकांवरून बोटं फिरवायच्या, मग ओठांना लावून डोळे मिटायच्या. "पितळेची चव येते हो. अर्धा तास तोंडात नाणं धरल्यासारखं वाटतं. प्लॅस्टिकची चोच सगळ्यांत बरी. धुताही येते."

"चवीवरून वाद्य ठरवणाऱ्या जगातल्या आपण पहिल्याच," काका म्हणायचे.

"तुम्ही दात न घासता वाजवता, तुम्हाला कुठून चव कळणार?"

चाचांचं म्हणणं वेगळंच होतं. ते फार बोलायचे नाहीत. शिट्टी वाजत असली की ते तिच्या शेपटाला दोन बोटं लावून बसायचे, नाडी बघितल्यासारखे. "साहेब, पत्रा बोलत नाही, पितळ बोलत नाही," ते म्हणायचे. "आतली हवा बोलते. चोचीखालची हवेची खिडकी नीट कापली पाहिजे, बस्स. मग नळी सोन्याची करा नाहीतर तेलाच्या डब्याची."

"उस्ताद, असं कसं म्हणता? पितळेला ऊब असते."

"उन्हात ठेवली की पत्र्यालापण येते ऊब."

असं हसतखेळत चालायचं. मग एका रविवारी बिघडलं. चाचांचा एक जुना गिऱ्हाईक मुलीच्या लग्नासाठी पेटी बघायला आला होता. वरून आवाज ऐकून तो शिडी चढून आला, कोपऱ्यातली चाचांनी केलेली शिट्टी उचलली आणि म्हणाला, "ही तुम्ही केली? वा!" चाचा खुलले. आणि काका, डोळे मिटून, अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "हाताचं काम सुरेख आहे. आवाज मात्र डब्याचा."

गिऱ्हाईक हसला. चाचा हसले नाहीत. त्याला आधी खाली उतरू दिलं. मग म्हणाले, "साहेब, माझ्या दुकानात बसून, माझ्या गिऱ्हाइकासमोर?"

"मी खोटं कसं बोलू? कानाला जे आलं ते बोललो."

"ठीक आहे. पुढच्या रविवारी मध्ये चादर बांधतो. पलीकडून वाजवू. तुम्ही नुसतं ऐकून पत्रा आणि पितळ वेगळं केलंत तर मी परत शिट्टी बनवणार नाही. नाही जमलं तर तुम्ही खाली दुकानात उभं राहून मोठ्याने म्हणायचं, की डबा आणि पितळ एकच."

"मंजूर," काका म्हणाले. टेलिफोन खात्यातल्या माणसाला कानाचं आव्हान दिलं होतं.

परीक्षेची आखणी माझ्याकडे आली. मी ती ऑफिसात करते तशीच केली. पाच शिट्ट्या: काकांच्या दोन पितळी, एक निकेलची, एक ॲल्युमिनियमची, आणि चाचांची पत्र्याची. प्रत्येक दोनदा वाजणार, चिठ्ठ्या काढून क्रम ठरणार. वाजवणार डेंटिस्ट मॅडम, कारण त्यांची फुंक सारखी. मी मध्ये बसून लिहून घेणार.

काका त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खाली ठोकाठोकी बंद ठेवली होती. निळी फुलाफुलांची चादर दोरीवर टाकली होती. काका स्टुलावर ताठ बसले आणि त्यांनी डोळे मिटले. काही गरज नव्हती, चादर होती.

पहिली वाजली. "पत्रा," काका म्हणाले. "स्वच्छ डबा."

ती त्यांची लाडकी पितळी होती. 'हिला घाई करू नये'वाली.

दुसरी. "निकेल. जरा आखडू." पत्र्याची होती ती. तिसरीला बरोबर आले. चौथी वाजली तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. "ही! ही पितळ. शंकाच नको. बघा कशी पसरते." तीही चाचांचीच होती, दुसऱ्यांदा. चाचा चादरीच्या कडेला उभे होते, त्यांनी पापणीही हलवली नाही.

सातव्या क्रमांकाला ॲल्युमिनियमची आली. मॅडमनी वरचं सप्तक लावलं आणि मी हातातलं पेन टाकून दोन्ही कान दाबले. इतका वेळ मला वाटायचं माझेच कान नाजूक आहेत, पण खालून शेजारचा कुलूपवाला शिडीवर चढून आला आणि "काय झालं? कोणाला लागलं?" म्हणून विचारायला लागला.

काका हसत होते. डोळे मिटलेले, मान किंचित कलती. "वा," ते म्हणाले. "ही मुरली आहे. मऊ. पितळ."

दहापैकी दोन बरोबर. लाडक्या पितळेला एकदा डबा म्हणाले होते, दुसऱ्यांदा मध. मी कागद पुढे केला. काकांनी तो दोनदा वाचला, घडी घातली, परत उघडला.

"चादरीने आवाज खाल्ला," ते म्हणाले.

"साहेब," चाचा म्हणाले, "चादर सुती आहे."

"मग क्रम बदलला असेल. सगळं तुमच्याच दुकानात, तुमच्याच चादरीत. मला काय कळणार?"

चाचांनी चादर दोरीवरून ओढली, व्यवस्थित चौकोनी घडी केली. "दुकान उघडायची वेळ झाली," ते म्हणाले. दुकान उघडंच होतं. आम्ही उतरलो. काका खाली उभे राहून काही म्हणाले नाहीत आणि चाचांनीही त्यांना म्हणायला लावलं नाही. डेंटिस्ट मॅडम मला हळूच म्हणाल्या, "मी मात्र दहापैकी दहा ओळखल्या. चवीवरून." पण त्यांचं कौतुक करायची कोणाची मनःस्थिती नव्हती.

पुढचे तीन रविवार काका घरीच होते.

तो कुलूपवाला माझ्या डोक्यातून जाईना. मी निकालाचा कागद घेऊन बसले. काका कुठे चुकले याच्यापेक्षा ते कशाला मऊ म्हणाले ते बघितलं. ज्या शिट्ट्यांनी आमचे कान फाटले, नेमक्या त्याच त्यांना लोण्यासारख्या. मग काका वाचनालयात गेले असताना मी स्टँडमधल्या चिठ्ठ्या वाचल्या. 'किंचाळते', खोडलेलं, 'सुधारली'. आणखी एक. आणखी एक. एकवीसपैकी तेरा सुधारल्या होत्या. धातू इतक्या एकमताने सुधारत नाही.

मी काकूंना सांगायला गेले. त्या भाजी निवडत होत्या.

"मला कधीपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "कुकर समोर ओरडत असतो आणि हे पेपर वाचतात. जाड आवाज येतात सगळे, बारीक गळतात. पण मी सांगितलं तर म्हणतील, तुला कानातलं काय कळतं. तू सांग. तू तटस्थ आहेस."

तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. मी एका कागदावर लिहिलं, जसं ऑफिसात लिहिते तसंच कोरडं: काय अपेक्षित होतं, काय घडलं, किती वेळा घडलं. घडी करून ब्रशच्या स्टँडमध्ये हिरवीच्या शेजारी खोचला आणि ऑफिसला पळाले. दिवसभर खराडीत माझं कामात लक्ष नव्हतं. आता सामान बांधावं लागणार असं मी मनाशी धरून चालले होते.

संध्याकाळी आले तेव्हा काका दारातच खुर्ची टाकून बसले होते. हातात कागद.

"एवढ्यावर तक्रार नोंदवता? आमच्या खात्यात तीन वेळा तपासल्याशिवाय तक्रार पुढे जात नसे." मग हिरवी माझ्यापुढे धरली. "स्वयंपाकघरात जा. वरचा सा फुंका. थांबा. पुन्हा फुंका. किती वेळा फुंकलंत ते मला सांगू नका."

मी वाजवत नाही, पण फुंकता कोणालाही येतं. मी चार वेळा फुंकलं. काकूंनी पदर कानावर घेतला. बाहेर आले तर काका तसेच बसले होते, वाट बघत.

"चला, सुरू करा," ते म्हणाले.

"काका, झालं."

त्यांनी हिरवी माझ्या हातातून घेतली, तिच्या गळ्यातली चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "म्हणजे यंत्र ठीक आहे. लाइन खराब आहे." आणि पुढे, "आम्ही पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो. यंत्रात दोष सापडला नाही की लाइन तपासा. मी चार वर्षं यंत्रच बघत बसलो."

काकू पाणी घेऊन आल्या. काका ते प्यायले आणि त्यांनी चिठ्ठी तशीच राहू दिली.

कानाच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. काकांनी दोनदा बटण दाबलं आणि काचेवर टकटक करून तपासणाऱ्या मुलीला बाहेरून आत बोलावलं. "अहो, तुमचा तिसरा आवाज थोडा उतरलाय. मशीन दुरुस्तीला द्या." ती म्हणाली, "काका, तो पाचवा होता. मधले दोन तुम्हाला ऐकू नाही आले." काका परत हेडफोन लावून बसले.

कानाचं मशीन बसवून घरी आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पंखा बंद करायला लावला. मग फ्रिजकडे संशयाने बघितलं. मग आम्हा दोघींना समोर बसवून हिरवी उचलली, ऐटीत, आणि वरच्या सप्तकात एक लांब फुंक मारली.

त्यांच्या हातातून ती खाली पडली.

"अरे देवा," काका म्हणाले. देव न मानणाऱ्या माणसाच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी दुसरी घेतली. तिसरी घेतली. एकेक फुंकून बाजूला ठेवत गेले. "ही पण? हीसुद्धा? अहो, ही तर लोण्यासारखी होती!" लाडकीला त्यांनी फार हळू फुंकलं, घाई न करता. तीही किंचाळली.

"तुम्ही दोघी चार वर्षं हे ऐकत होता?"

"मी दोनच," मी म्हणाले.

काकांनी शर्ट बदलला, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. मी पाठोपाठ गेले. आमच्या इमारतीत आमचं सोडून आठ बिऱ्हाडं आणि समोरच्या बंगल्यात एक. काकांनी नऊही घरांची बेल दाबली आणि नऊही दारांत तेच वाक्य म्हटलं: "गेली चार वर्षं मी आपल्याला काय ऐकवत होतो हे मला आज कळलं. माफी असावी."

बहुतेक सगळे अवघडले. "नाही हो, छान वाटायचं," वगैरे म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर चष्मा वर करून काकांकडे बघत राहिले. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले, आणि दार लावलं.

काकांनी स्टँड माळ्यावर टाकले. दारावरचा कागदही काढला. सकाळी सातला मला जाग येईनाशी झाली आणि मी दोनदा ऑफिसला उशिरा पोचले. ते दिवसभर मशीन लावून बसायचे आणि घरातल्या एकेका आवाजाचा शोध लावायचे. काकू जेवताना वाटी घासतात, माझ्या चपला करकरतात, समोरच्या बंगल्यात कुत्रं आहे. सगळ्यावर ते नाराज असायचे. डाळ तेवढी रोज नीट शिजायला लागली.

मी स्वारगेटला जाऊन चाचांना सगळं सांगितलं. न विचारता सांगितलं, ते काकांना आवडलं नसतं. चाचा हातोडी खाली ठेवून ऐकत होते. मी बोलत असताना ते माझ्या तोंडाकडे फार लक्ष देऊन बघत होते, आणि माझ्या एकदम लक्षात आलं.

"चाचा, तुम्हालाही?"

"वीस वर्षं झाली, बेटा," ते हसून म्हणाले. "सगळं आयुष्य पत्रा ठोकला. कान कुठे राहतात? मी बोटांनी ऐकतो. साहेबांना वाटायचं मी नाडी बघतो." आणि मग, "ते मला चोर म्हणाले ते मला नीट ऐकू आलं, तेवढं मात्र खरं."

त्यापुढच्या रविवारी दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. चाचा उतरले. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातभराहून लांब. काकांनी दार उघडलं. दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"उस्ताद," काका म्हणाले. मग त्यांनी मोठा श्वास घेतला आणि जिन्यात दुमदुमेल अशा आवाजात म्हणाले, "डबा आणि पितळ एकच!"

वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून बघितलं.

"दुकानात म्हणायचं ठरलं होतं," चाचा म्हणाले. "पण चालेल." आणि आत आले.

कागदातून निघाली ती शिट्टीच होती, पण कोणाची तरी आजी असावी अशी. पन्हाळीच्या पत्र्याची, मनगटाएवढी जाड. चाचांनी ती काकांच्या हातात दिली. "मशीन काढा. आणि फुंका."

काकांनी मशीन काढून टीपॉयवर ठेवलं. फुंकलं. खर्जातला असा भरदार आवाज निघाला की कपाटाची काच थरथरली. काकू बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच कानावर पदर न घेता उभ्या राहिल्या. काकांनी शिट्टी तोंडातून काढली. त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"सगळा आला," ते म्हणाले. "पूर्ण आला मला."

"मलापण," चाचा म्हणाले. त्यांची दोन बोटं शेपटावर होती.

काकांनी धून वाजवायला घेतली आणि तिथे अडलं. भोकं इतकी लांब लांब होती की वरची तीन झाकली की खालच्या तिनांपर्यंत त्यांचा हात पोचेना. बोटं ताणून बघितली, मान वाकडी केली, गुडघ्यात धरली. चाचांनी स्वतः करून बघितलं. त्यांचाही पोचला नाही. भोकं जवळ घेतली तर सूर बिघडतो, ते म्हणाले. त्यांनी मोजून पाडली होती, हात मोजायचे राहिले होते.

मग चाचा सोफ्यावरून उठून काकांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसले. "वरची तीन तुमची," ते म्हणाले. "खालची माझी. फुंका."

पहिला प्रयत्न फारच वाईट झाला. दुसरा त्याहून. मी खुर्ची ओढून बसले. एका शिट्टीला चार हात, दोन टकलं एकमेकांना टेकलेली, एकाला वरचं ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच.

"तुम्ही बोट उशिरा उचलता, उस्ताद."

"तुम्ही श्वास आधी सोडता, साहेब."

"मी श्वास जिथे सोडायचा तिथेच सोडतो."

"मग मी बोटपण तिथेच उचलतो."

काकूंनी चहा आणून ठेवला. तो निवला. त्यांनी दुसरा आणला. चौथ्या की पाचव्या वेळेला धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता पार पडली. दोघे थांबले, एकमेकांकडे बघितलं, आणि मी टाळ्या वाजवणार इतक्यात काका चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पितळेची केली असती तर आणखी ऊब आली असती."

चाचांनी बोटं परत आपल्या तीन भोकांवर ठेवली. "फुंका, साहेब," ते म्हणाले.